युद्धाचे माहितीपट पाहायला सुरुवात करताना

युद्धावरचे माहितीपट पाहावेत असं अनेकांना वाटतं, पण पहिला अनुभव बहुतेकांचा फसलेला असतो. काळ्या-पांढऱ्या तोफा, नकाशावर सरकणारे बाण, धीरगंभीर आवाजातलं निवेदन, आणि अर्ध्या तासात कोण कुणाशी लढतंय याचाच पत्ता राहत नाही. नाहीतर पहिल्याच दिवशी छळछावणीचं चित्रण समोर येतं, पोटात कालवतं आणि पुन्हा त्या वाटेला जावंसं वाटत नाही. या दोन्हींतून वाट काढता येते, त्यासाठी हा लेख.

माझ्या मते युद्धाचा माहितीपट ही मुळात साक्ष असते. कॅमेरा धरणाऱ्याची, बोलणाऱ्याची, कधी कधी गप्प राहणाऱ्याचीही. साक्ष ऐकायची म्हणजे काही प्रश्न मनात जागे ठेवूनच ऐकायची: कोण बोलतंय? त्याने स्वतः काय पाहिलं? ते कुठे उभं राहून पाहिलं? आणि हे चित्रण कुणाच्या हुकमावरून झालं? एवढी सवय लागली की युद्ध कुठलंही असो, देश कुठलाही असो, तुम्ही गोंधळून जात नाही.

सुरुवात एका शहरापासून, एका कुटुंबापासून

सर्वश्रेष्ठ माहितीपटांच्या याद्या असतात, त्यांच्या मागे सुरुवातीला लागू नका. त्या याद्यांत वरच्या क्रमांकावर क्लोद लांझमान यांचा 'शोआ' (१९८५) असतो, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या हत्याकांडावरचा, म्हणजे होलोकॉस्टवरचा, लांबी साडेनऊ तासांच्या आसपास. मार्सेल ऑफ्युल्स यांचा 'द सॉरो अँड द पिटी' (१९६९) असतो, तोही चार तासांहून मोठा. दोन्ही असामान्य आहेत, दोन्ही कधीतरी पाहायलाच हवेत. पण नवख्या माणसाने तिथून सुरुवात केली तर पहिल्या तासातच दम संपतो आणि दोष स्वतःकडे घेतला जातो.

पहिला माहितीपट असा निवडा की त्यात एकच शहर आहे, एकच कुटुंब किंवा एकच तुकडी आहे, आणि लांबी दोन तासांच्या आत आहे. मला स्वतःला यासाठी 'फॉर सामा' (२०१९) सगळ्यात योग्य वाटतो. सीरियातल्या अलेप्पो शहराच्या पूर्व भागाला वेढा पडलेला असताना वाद अल-कतीब या तरुणीने तो आतून चित्रित केला आणि एडवर्ड वॉट्स यांच्यासोबत त्याचं दिग्दर्शन केलं. तिचा नवरा हम्झा डॉक्टर, बॉम्बफेकीत रुग्णालय चालवणारा. सामा ही त्यांची तान्ही मुलगी, आणि आई जे काही सांगते ते तिला उद्देशून. सीरियातल्या राजकारणाचा गुंता कळला नाही तरी तुम्ही अडत नाही, कारण मधला प्रश्न कुणालाही कळणारा आहे: लेकराला घेऊन हे शहर सोडायचं की इथेच राहायचं?

त्यानंतर 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही १९७३-७४ मधली ब्रिटिश मालिका घ्या. दुसऱ्या महायुद्धावरचे २६ भाग, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं. सगळे भाग ओळीने पाहण्याची सक्ती नाही. तुम्हाला ज्या देशाबद्दल कुतूहल असेल तिथला एक भाग पुरे. या मालिकेचं मोल तिच्या काळात आहे. युद्ध संपून तीस वर्षंही झाली नव्हती, त्यामुळे निर्णय घेणारे आणि त्या निर्णयांखाली भरडलेले, दोघेही हयात होते. हिटलरचा मंत्री आल्बर्ट श्पेअर इथे बोलतो, आणि साधे खलाशी, सैनिक, घरसंसार करणाऱ्या बायकाही बोलतात. मालिका उघडते ती फ्रान्समधल्या ओरादूर-सूर-ग्लान या उद्ध्वस्त गावात. १० जून १९४४ रोजी एसएस या नाझी दलाच्या सैनिकांनी तिथल्या ६०० हून अधिक माणसांना ठार केलं. २६ भागांच्या पसाऱ्याची सुरुवात कुणा सेनापतीपासून न करता एका ओस गावापासून केली, यातच करणाऱ्यांची नजर कळते.

अ‍ॅलन रेने यांचा नाझी छळछावण्यांवरचा 'नाइट अँड फॉग' (१९५६) फक्त ३२ मिनिटांचा आहे म्हणून तो पहिल्यांदा लावू नका. लांबी कमी म्हणजे भार कमी असं इथे नाही. चार-पाच माहितीपट पाहून झाल्यावर, शांत दिवशी तो पाहा.

बसण्याआधी दहा मिनिटं

एवढ्या तयारीने खूप फरक पडतो. नकाशावर ते ठिकाण शोधा. युद्ध कधी सुरू झालं, कधी संपलं हे पाहून ठेवा. आणि ज्या माणसांची गोष्ट आहे त्यांचं गाव त्या वेळी कुणाच्या ताब्यात होतं, हे नक्की शोधा. यातलं शेवटचं बहुतेक जण विसरतात, आणि गोंधळ तिथेच होतो. शत्रूच्या ताब्यातल्या गावात राहणाऱ्या माणसाचं वागणं आणि आघाडीच्या मागे सुरक्षित असलेल्याचं वागणं एकाच मापाने मोजता येत नाही.

सोबत आणखी एक साल टिपून ठेवा: माहितीपट कधी तयार झाला? 'द सॉरो अँड द पिटी' हा जर्मन अमलाखालच्या क्लेर्मों-फेराँ या फ्रेंच शहराबद्दल आहे. १९६९ साली त्यात बोलणारी माणसं त्याच प्रदेशात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहत होती. कुणी प्रतिकार केला होता, कुणी सहकार्य केलं होतं, पुष्कळांनी मान खाली घालून दिवस काढले होते. फ्रेंच टेलिव्हिजनने तो १९८१ पर्यंत दाखवला नाही. हे ठाऊक असलं की त्यातल्या प्रत्येक अडखळण्याकडे तुम्ही वेगळ्या नजरेने पाहता.

चित्रण कोणत्या जातीचं आहे ते ओळखा

ढोबळ मानाने तीन जाती. एक, त्या काळात दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच हेतूने केलेलं चित्रण, जे पुढे अभिलेखागारातून काढून वापरलं. दोन, घटनेनंतर वर्षांनी घेतलेल्या मुलाखती. तीन, घटना घडत असताना माहितीपट करणाऱ्याने स्वतः केलेलं चित्रण. बहुतेक माहितीपटांत यांची सरमिसळ असते, आणि नवख्या प्रेक्षकाची फसगत होते ती एका जातीतून दुसरीत कधी गेलो हे लक्षात न आल्यामुळे.

जिथे चित्रणच नाही तिथे काय करायचं, याची उत्तरंही शोधली गेली आहेत. कंबोडियाचे रिथी पान्ह यांच्या कुटुंबातली बहुतेक माणसं ख्मेर रूज या क्रूर कम्युनिस्ट राजवटीत, ते लहान असताना, गेली. 'द मिसिंग पिक्चर' (२०१३) मध्ये त्यांनी मातीच्या छोट्या रंगवलेल्या बाहुल्यांतून ते दिवस मांडले. आरी फोलमन यांचा 'वॉल्ट्झ विथ बशीर' (२००८) हा १९८२ च्या लेबनॉन युद्धाबद्दलचा माहितीपट जवळजवळ पूर्ण ॲनिमेशनमध्ये आहे, कारण विषयच मुळी पुसट झालेली आठवण हा आहे. शेवटी मात्र खरं चित्रण येतं. 'ॲनिमेशन म्हणजे कल्पित' असं समजून हे बाजूला टाकू नका.

कॅमेरा कुठे उभा आहे?

संपूर्ण लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

'द बॅटल ऑफ द सॉम' हा पहिल्या महायुद्धातल्या सॉमच्या लढाईवरचा ब्रिटिश चित्रपट ऑगस्ट १९१६ मध्ये, लढाई चालू असतानाच, प्रदर्शित झाला. चित्रण जेफ्री मॅलिन्स आणि जॉन मॅकडॉवेल यांचं. ब्रिटनमध्ये लक्षावधी लोकांनी तो पाहिला. आपली मुलं कुठे आणि कशी लढताहेत हे घरच्यांनी पडद्यावर पहिल्यांदाच पाहिलं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य म्हणजे खंदकातून वर चढून सैनिक धुरात शिरतात आणि एक जण चढता चढता मागे घसरून पडतो. पहिल्या महायुद्धावरच्या कितीतरी माहितीपटांत हा तुकडा तुम्हाला भेटेल. तो आघाडीच्या मागे, प्रशिक्षणाच्या जागी, ठरवून चित्रित केलेला आहे.

हे ओळखायचं कसं? कॅमेऱ्याची जागा पाहा. त्या काळचा कॅमेरा तिकाटण्यावर उभा करून हाताने फिरवावा लागे. खऱ्या हल्ल्यात, गोळ्यांच्या माऱ्यात, चढणाऱ्या सैनिकांशेजारी उघड्यावर असं यंत्र लावून उभं राहणं जवळपास अशक्य. तीच गोष्ट समोरून येणाऱ्या सैनिकांच्या चेहऱ्यांची. कॅमेरा त्यांच्या तोंडाकडे पाहतोय, याचा अर्थ कॅमेरामनची पाठ शत्रूकडे आहे. तो तिथे आधी पोहोचला कसा? हा प्रश्न पडला की पुष्कळ 'लढाईच्या' दृश्यांचा उलगडा होतो.

पण म्हणून तो सगळा चित्रपट खोटा ठरत नाही, आणि नवीन पाहणाऱ्याने हेही लगेच शिकावं. त्याच चित्रपटात एक सैनिक जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन खंदकातून कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. लोंबकळणारे पाय, वाहून आणणाऱ्याचे थकलेले डोळे. खंदकात पोहोचल्यावर हा माणूस अर्ध्या तासात गेला, असं पडद्यावरची ओळ सांगते. हे दृश्य अस्सल मानलं जातं. एकाच रिळावर रचलेलं आणि अस्सल शेजारी शेजारी असू शकतं, तेव्हा निवाडा दृश्यागणिक करायचा.

दुसरं उदाहरण याहून अवघड आहे. मे १९४२ मध्ये नाझींच्या प्रचार पथकाने वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, चित्रण केलं. त्याची एक तासाहून थोडी मोठी, आवाज नसलेली कच्ची प्रत युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या अभिलेखागारात सापडली, आणि पुढे कितीतरी वर्षं तिचे तुकडे घेट्टोचं खरं जीवन म्हणून वापरले गेले. त्यात उपाशी मुलं आहेत आणि मेजवानी झोडणारे खाऊन-पिऊन सुखी ज्यूही आहेत. १९९८ मध्ये आणखी एक रीळ हाती लागलं. त्यात तीच दृश्यं पुन्हा पुन्हा घेतलेली दिसतात, कॅमेरावाले चौकटीत शिरतात, माणसांना परत चालायला लावतात. सुखवस्तू दृश्यं रचलेली होती. उपासमार खरी होती.

याएल हर्सोन्स्की यांनी यावर 'अ फिल्म अनफिनिश्ड' (२०१०) केला. त्यांनी घेट्टोतून वाचलेल्या वृद्धांना अंधाऱ्या चित्रपटगृहात बसवून हीच रिळं दाखवली आणि पाहताना त्यांचे चेहरे चित्रित केले. एक बाई पडद्यावरच्या गर्दीत आपली आई कुठे चालताना दिसते का ते शोधत असतात. मारेकऱ्यांनी आपल्या हेतूसाठी केलेलं चित्रण एका लेकीसाठी आई दिसण्याची एकमेव शक्यता ठरतं. कॅमेऱ्याच्या जागेबद्दल कुठलंही पुस्तक जे शिकवेल त्याहून जास्त मला या एका प्रसंगाने शिकवलं. म्हणून 'फॉर सामा'नंतर लवकरच हा माहितीपट पाहा.

आवाजावर कान ठेवा

पहिल्या महायुद्धातलं सगळं चित्रण मूक आहे. दुसऱ्या महायुद्धातही आघाडीवरचे हलके कॅमेरे बहुतांशी आवाज टिपत नसत. अमेरिकी कॅमेरामनच्या हाती दिसणाऱ्या आयमो कॅमेऱ्यात १०० फूट फिल्म मावे, म्हणजे जेमतेम एक मिनिटाचं चित्रण. कॅमेरा चावीवर चाले. तेव्हा तुम्ही ऐकता त्या गोळ्या, ते रणगाडे, त्या किंकाळ्या, हे सगळं नंतर संकलनाच्या खोलीत घातलेलं असतं.

याची एक सोपी खूण सांगते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवर बॉम्ब फुटला तर लखलखाट आधी दिसेल आणि स्फोटाचा आवाज जवळपास तीन सेकंदांनी येईल. दूरवरचा स्फोट आणि धमाका एकदमच आले, तर आवाज नंतर जोडलेला आहे. आजच्या युद्धांत मोबाइलवर घेतलेल्या चित्रणात तो उशीर ऐकू येतो, आणि त्या दोन-तीन सेकंदांच्या शांततेत माणसं श्वास रोखून उभी असतात.

एखादा हल्ल्याचा प्रसंग दोनदा पाहा, त्यातला एकदा आवाज पूर्ण बंद करून. संगीताने तुमच्या मनावर काय काम केलं होतं ते तेव्हा कळेल.

पीटर जॅक्सन यांचा 'दे शाल नॉट ग्रो ओल्ड' (२०१८) या बाबतीत शिकण्यासारखा आहे. त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचं चित्रण रंगीत केलं, त्याचा वेग सारखा केला, सैनिक काय बोलताहेत ते ओठ वाचणाऱ्या जाणकारांकडून काढून घेऊन आवाज दिले. हाताने फिरवलेलं जुनं चित्रण आजच्या वेगाने दाखवलं की माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. ती नीट चालू लागली आणि एकाएकी आपल्यातली वाटू लागली. पण सावध राहा: त्यातलं कथन पुष्कळ वर्षांनी, मुख्यतः १९६० आणि १९७० च्या दशकांत मुद्रित केलेल्या म्हाताऱ्या सैनिकांच्या मुलाखतींतून घेतलेलं आहे. जो चेहरा दिसतो त्याचा तो आवाज नव्हे. कोणती लढाई, कोणता दिवस, कोण बोलतंय, हेही जॅक्सन मुद्दाम सांगत नाहीत. अनुभव म्हणून ते जबरदस्त आहे. पुरावा म्हणून वापरायचं तर मूळ चित्रणाकडेच जावं लागतं.

साक्ष ऐकताना

आता मुलाखती. इथे घाई करू नका, कारण युद्ध जगलेली माणसं खऱ्या अर्थाने इथेच भेटतात.

बोलणारा काय पाहिलं ते सांगतोय की काय ऐकलं ते, हे आधी वेगळं करा. 'गावात सगळ्यांना ठार केलं' असं एखादी बाई म्हणते, तेव्हा ती गावात होती का, तळघरात होती का, की दोन दिवसांनी परतली? यात अविश्वास नाही. तिने तळघरात बसून फक्त आवाज ऐकले असतील, तर तिची साक्ष आवाजांची आहे, आणि ती तितकीच मोलाची आहे.

मग आठवणीतल्या चुका. डोरी लाउब हे मानसोपचारतज्ज्ञ, स्वतः बालपणी नाझी छळातून वाचलेले. १९७९ मध्ये त्यांनी वाचलेल्यांच्या मुलाखती चित्रित करण्याचं काम सुरू केलं, तो संग्रह पुढे येल विद्यापीठात गेला. त्यांनी नोंदवलेली एक घटना अशी: ऑशविट्झ छळछावणीत ऑक्टोबर १९४४ ला कैद्यांनी उठाव केला, त्याबद्दल एक बाई सांगत होत्या. एरवी खालच्या पट्टीत बोलणाऱ्या त्या बाईंचा आवाज तिथे चढला. प्रेतं जाळण्याच्या भट्ट्यांची चार धुराडी उडाली, आगीचे लोळ उठले, असं त्या म्हणाल्या. पुढे इतिहासकारांनी हरकत घेतली, कारण उडालं ते एकच धुराडं होतं, मग ही साक्ष कशी धरायची? लाउब यांचं म्हणणं होतं की त्या बाई धुराड्यांची संख्या सांगायला आल्या नव्हत्या. जिथे असं काही घडूच शकत नाही असं सगळ्यांनी धरलं होतं, तिथे ते घडलं, याच्या त्या साक्षीदार होत्या.

नव्याने पाहणाऱ्याने दोन्ही बाजू सांभाळाव्यात. आकडा हवा तर इतिहासकाराकडे जा. त्या क्षणी तिथे असणं म्हणजे काय होतं हे हवं असेल, तर त्या बाईंचं ऐका. एक चूक सापडली म्हणून अख्खी साक्ष फेकणं हा माझ्या दृष्टीने ऐकायचा आळस आहे.

पुढची गोष्ट शांततेची. 'शोआ'मध्ये एबरहॅम बॉम्बा यांची मुलाखत आहे. ते न्हावी, ट्रेब्लिंका छावणीत विषारी वायूच्या कोठडीत पाठवण्याआधी बायकांचे केस कापायला त्यांना लावलं होतं. लांझमान त्यांची मुलाखत इस्राएलमधल्या एका केशकर्तनालयात घेतात. बॉम्बा तेव्हा व्यवसायातून निवृत्त झाले होते, दुकान चित्रणापुरतं घेतलेलं. हातात कात्री, समोर खुर्चीत एक माणूस, भोवती आरसे. ते सरळ, कोरड्या आवाजात सांगत राहतात आणि कात्री चालत राहते. मग ते आपल्याच गावच्या दुसऱ्या न्हाव्याबद्दल सांगायला लागतात, ज्याची बायको आणि बहीण त्या कोठडीत आल्या. तिथे ते थांबतात. तोंड पुसतात, मान हलवतात, पुढे सांगणं जमणार नाही म्हणतात. लांझमान त्यांना सोडत नाहीत. सांगायलाच हवं, असा आग्रह धरतात. कॅमेरा चालू राहतो. बऱ्याच वेळाने बॉम्बा पुन्हा बोलू लागतात.

लांझमान यांनी हे करायला हवं होतं का, यावर आजही वाद आहे. मला तो आग्रह सहन होत नाही, आणि तरीही तो नसता तर ती साक्ष आपल्यापर्यंत आली नसती हे मी नाकारू शकत नाही. तुम्ही स्वतः पाहा आणि तुमचं मत बनवा. फक्त त्या शांततेत पुढे सरकवण्याचं बटण दाबू नका.

'शोआ'मध्येच शिमोन स्रेब्निक आहेत. लहानपणी हेल्मनो इथल्या हत्याकेंद्रातून डोक्यात गोळी लागूनही वाचलेले. लांझमान त्यांना त्या पोलिश गावातल्या चर्चसमोर उभं करतात. गावकरी भोवती गोळा होतात, त्यांना ओळखतात, आनंदाने बोलतात, आणि बोलता बोलता एक जण ज्यूंवर हे का ओढवलं याचा दोष ज्यूंवरच टाकणारी कथा सांगू लागतो. स्रेब्निक मध्ये उभे, गप्प, चेहऱ्यावर अवघडलेलं हसू. अशा दृश्यात बोलणाऱ्याकडे पाहण्याचा मोह आवरा आणि न बोलणाऱ्याकडे पाहा.

भाषेबद्दल थोडंसं. डब केलेली आवृत्ती शक्यतो टाळा. माणसाचा आवाज कुठे घट्ट होतो, कुठे शब्द सापडत नाही, हे डबिंगमध्ये पुसलं जातं. सबटायटल वाचा, पण कान मूळ आवाजावर ठेवा. भाषा कळत नसली तरी थरथर कळते.

मारणारा बोलतो तेव्हा

हे माहितीपट सगळ्यात शेवटी ठेवा. इंडोनेशियात १९६५-६६ मध्ये झालेल्या हत्याकांडाबद्दल जोशुआ ओपनहायमर यांनी केलेला 'द ॲक्ट ऑफ किलिंग' (२०१२) पाहणं फार कठीण आहे: मारेकरी आपली कृत्यं फुशारकीने पुन्हा करून दाखवतात. याच्या आधी त्यांचाच 'द लुक ऑफ सायलेन्स' (२०१४) पाहावा असं मी सुचवेन. त्यात मारल्या गेलेल्या एका माणसाचा धाकटा भाऊ, जो चष्म्याचे नंबर काढतो, मारेकऱ्यांचे डोळे तपासता तपासता त्यांना प्रश्न विचारतो. दोन्ही चित्रपटांच्या श्रेयनामावलीत बऱ्याच स्थानिक सहकाऱ्यांच्या जागी फक्त 'अनामिक' लिहिलेलं आहे. ती नामावली संपेपर्यंत उठू नका. हत्याकांडानंतर जवळपास पन्नास वर्षांनीही नाव देणं धोक्याचं होतं, ही माहिती तुम्हाला तिथेच मिळते.

सत्तेत असलेल्या माणसाची मुलाखत पाहायची तर एरल मॉरिस यांचा 'द फॉग ऑफ वॉर' (२००३). व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेचे संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅकनमारा त्यात बोलतात. मॉरिस यांनी अशी यंत्रणा वापरली की मॅकनमारा थेट प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहताना दिसतात. टोकियोवरच्या मार्च १९४५ च्या बॉम्बफेकीत एका रात्रीत सुमारे एक लाख माणसं जळाली, आणि त्या मोहिमांच्या आखणीत आपला भाग होता, हे ते सांगतात. जबाबदारी ते कुठे स्वतःच्या अंगावर घेतात आणि कुठे ती परिस्थितीवर, वरिष्ठांवर जाते, याची नोंद ठेवत ऐका.

जे दाखवलं गेलं नाही

'नाइट अँड फॉग'मधल्या एका छायाचित्रात कैद्यांच्या तळावर पहारा देणारा फ्रेंच शिपाई त्याच्या टोपीवरून ओळखू येत होता. फ्रेंच परीक्षकांनी ती टोपी झाकायला लावली. हिरोशिमा-नागासाकीत जपानी चमूने १९४५ मध्ये केलेलं चित्रण अमेरिकेने ताब्यात घेतलं, ते जपानला परत मिळालं १९६७ मध्ये. युद्धाने मन मोडलेल्या अमेरिकी सैनिकांवर जॉन ह्यूस्टन यांनी सैन्यासाठीच केलेला 'लेट देअर बी लाइट' (१९४६) तीन दशकांहून अधिक काळ लोकांपासून दूर ठेवला गेला. प्रत्येक माहितीपटाबद्दल विचारा: हा कुणाला नको होता?

स्वतःची काळजी

एका दिवशी एकच. झोपायच्या आधी नाही, जेवताना नाही, आणि आपोआप पुढचं लावणारी सोय बंद करून. संपल्यावर लगेच दुसरं काही हलकं लावू नका. थोडं चाला, कुणाशी तरी बोला. पाहता पाहता काहीच वाटेनासं झालं, मृतदेह दिसले तरी मन हललं नाही, तर ते मन घट्ट झाल्याचं लक्षण समजू नका. मन थकलेलं असतं. तिथे थांबा, काही दिवस जाऊ द्या.

घरात युद्ध, दंगल किंवा विस्थापन सोसलेलं कुणी असेल, तर त्यांना न विचारता त्यांच्यासमोर असं काही लावू नका. चित्रापेक्षा आवाज आधी पोहोचतो. शेजारच्या खोलीतही भोंगा ऐकू जातो. मुलांसोबत पाहायचं असेल तर आधी एकट्याने पूर्ण पाहून घ्या.

वही, आणि पूर्ण मुलाखती

दुसऱ्यांदा पाहताना वही घ्या. पानावर चार रकाने आखा: कोण बोललं, त्या वेळी वय काय होतं, स्वतः काय पाहिलं, मुलाखत कोणत्या साली झाली. निवेदकाची विधानं वेगळ्या पानावर. दोन-तीन माहितीपटांनंतर ही वही तुम्हाला सांगू लागेल की एखाद्या युद्धाबद्दल तुम्ही फक्त सैनिकांचं ऐकलंय, किंवा एकाच बाजूचं ऐकलंय, किंवा बायका केवळ रडताना दिसल्यात, बोलताना नाहीत. पुढचा माहितीपट त्यावरून निवडा.

मग एक पायरी पुढे जा आणि न कापलेली मुलाखत पाहा. माहितीपटात माणूस चार मिनिटं येतो. त्याची मूळ मुलाखत कित्येक तासांची असते. 'शोआ'त न वापरलेलं २०० तासांहून अधिक चित्रण वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने जपलं आहे आणि त्यातलं पुष्कळसं ऑनलाइन पाहता येतं. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या शोआ फाउंडेशनकडे ५५,००० हून अधिक साक्षी आहेत, त्यांपैकी काही सर्वांसाठी खुल्या आहेत. लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात सैनिकांच्या आणि नागरिकांच्या हजारो ध्वनिमुद्रित मुलाखती आहेत.

अशी मुलाखत लावली की पहिला भाग वगळण्याचा मोह होतो, कारण त्यात युद्ध नसतं. शाळा असते, वडिलांचा धंदा असतो, भावंडांची नावं असतात. तो भाग पूर्ण ऐका आणि ती नावं वहीत लिहून घ्या. पुढे दोन तासांनी बोलणारा त्यांतलं एखादं नाव पुन्हा घेईल, तेव्हा तो कुणाबद्दल बोलतोय हे तुम्हाला ठाऊक असलं पाहिजे.